कंपनीची माफी मिळते, खुर्ची मिळत नाही

१४ एप्रिलच्या सकाळी मोबाईल उघडला की निळ्या शुभेच्छांची रांग लागते. बँक, विमा कंपनी, सिमेंट कंपनी, मोबाईल कंपनी, साबण विकणारी कंपनी, सगळ्या बाबासाहेबांना अभिवादन करतात. वर बाबासाहेबांचा चेहरा, खाली कंपनीचे बोधचिन्ह आणि मध्ये कुठून तरी उचललेले एक वाक्य. पुष्कळदा ते वाक्य बाबासाहेबांचे नसतेही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे चित्र नव्हते. त्या काळी जयंती विशेषांकासाठी जाहिरात मागायला आमचे कार्यकर्ते कंपन्यांच्या दारात जात, तेव्हा 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे उत्तर ठरलेले असे. विशेषांक निघत ते वॉर्डातल्या कार्यकर्त्यांच्या, कर्मचारी संघटनांच्या, महिला मंडळांच्या आणि एखाद्या मंडप डेकोरेटरच्या शुभेच्छांवर.

मग या वीस वर्षांत असे काय घडले? कंपन्यांचे हृदयपरिवर्तन झाले काय? जातीचा प्रश्न त्यांना एकाएकी कळला काय? आम्हाला तसे वाटत नाही. बदलले आहे ते कंपन्यांचे बोलण्याचे साधन आणि त्याचबरोबर आपले ऐकवण्याचे साधन. इंटरनेटवरच्या या नव्या साधनांनी धंद्याची भाषा, जाहिरात आणि जनसंपर्क या तिन्ही गोष्टी उलटसुलट करून टाकल्या आहेत. या उलथापालथीत आपल्या पदरात नेमके काय पडले आणि काय पडले नाही, याचा हिशेब चळवळीने एकदा मांडला पाहिजे. केवळ ट्रेंड झाला म्हणून टाळ्या वाजवण्याचे दिवस आता संपले आहेत.

आधी जुनी पद्धत आठवून पाहू. कंपनीला काही सांगायचे असले की जनसंपर्क अधिकारी प्रसिद्धीपत्रक काढत असे. मोठ्या हॉटेलात पत्रकार परिषद होई, जेवण होई, जाताना हातात एक पिशवी मिळे. दुसऱ्या दिवशी बातमी छापून येई आणि शेजारी त्याच कंपनीची जाहिरातही. म्हणजे कंपनी, जाहिरातसंस्था आणि वर्तमानपत्र यांचा आपापसातला संवाद म्हणजेच जनसंपर्क. यात 'जन' कुठे होते? आंबेडकरी वर्तमानपत्रांच्या वार्ताहराला अशा परिषदांचे निमंत्रण क्वचितच येत असे, आणि आलेच तर शेवटच्या रांगेत बसायला.

हे दुखणे आजचे नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने छापली नाही, हा इतिहास चळवळीतल्या शाळकरी मुलालाही पाठ आहे. विचार करा, जाहिरात ही विकाऊ जागा. बाजारात पैसे मोजले की माल मिळतो. पण जातीने तिथेही दार बंद केले होते. पैसा असूनही बोलता येत नव्हते. पुढे १९४३ साली पुण्यात रानडे, गांधी आणि जिना यांच्यावर केलेल्या प्रसिद्ध भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की भारतातली पत्रकारिता एकेकाळी पेशा होती, आता ती व्यापार झाली आहे, आणि साबण बनवण्याच्या धंद्याइतकेच नैतिक काम ती करते. साबणाचा तो दाखला आज जनसंपर्काच्या धंद्याला अधिकच लागू पडतो.

आता नवी पद्धत पाहू. कंपनीला सांगायचे ते सांगण्यासाठी वर्तमानपत्राची गरज उरलेली नाही. कंपनीचा मालक स्वतःच्या मोबाईलवरून चार ओळी लिहितो आणि त्या क्षणात लाखो लोकांपर्यंत जातात. वर्तमानपत्रे मग त्या ओळींचीच बातमी करतात. दुसरीकडे ग्राहकही तिथेच, त्याच ओळींच्या खाली, सर्वांसमोर उत्तर देतो. कंपनीचे नाव कोणी घेतले, किती जणांनी घेतले, चांगल्या शब्दांत घेतले की वाईट, हे मिनिटामिनिटाला मोजून दाखवणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत. धंद्याच्या भाषेत त्याला 'सोशल लिसनिंग' म्हणतात. पडद्यावर नाराजीची रेघ चढू लागली की कंपनीत धावपळ होते, वकिलाला फोन जातो, खुलाशाचा मसुदा तयार होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर प्रसिद्धीपत्रक, तक्रारीचे उत्तर आणि माफीचे शब्दही यंत्राकडून लिहून घेता येतात.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्यासाठी घरोघरी जेवण पोचवणाऱ्या झोमॅटो या एकाच कंपनीची तीन उदाहरणे घेऊ. तिन्ही जाहीर आहेत आणि तिन्ही वर्तमानपत्रांत छापून आलेली आहेत.

पहिले उदाहरण जुलै २०१९ चे. मध्य प्रदेशातल्या जबलपूरच्या एका ग्राहकाने जेवण घेऊन येणारा मुलगा हिंदू नाही म्हणून ऑर्डर रद्द केली आणि तसे ट्विटरवर अभिमानाने जाहीर केले. कंपनीने तिथेच उत्तर दिले की अन्नाला धर्म नसतो. कंपनीचे प्रमुख दीपिंदर गोयल यांनीही लिहिले की आमच्या मूल्यांच्या आड येणारा धंदा गेला तरी आम्हाला खंत नाही. देशभर कौतुक झाले. ते कौतुक योग्यच होते.

दुसरे उदाहरण जून २०२३ चे. जागतिक पर्यावरण दिनानिमित्त याच कंपनीने एक जाहिरातपट प्रसिद्ध केला. 'लगान' या २००१ सालच्या चित्रपटात 'कचरा' नावाचे अस्पृश्य पात्र आहे. त्या पात्राची भूमिका करणाऱ्या नटालाच या जाहिरातीत टेबल, दिवा अशा वस्तूंच्या रूपात दाखवले. कचऱ्यापासून वस्तू बनतात, आणि 'कचरा' हा माणूसही वस्तू, असा हा विनोद! ज्या समाजाच्या पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांचा कचरा उचलण्यात गेल्या, ज्या समाजाची मुले आजही गटारात गुदमरून मरतात, त्या समाजातल्या माणसाला 'कचरा' हे नाव कोणी आणि का ठेवले, हा प्रश्न ती जाहिरात लिहिणाऱ्याला पडला नाही, चित्रित करणाऱ्याला पडला नाही, मंजूर करणाऱ्याला पडला नाही. पडला तो चित्रपट दिग्दर्शक नीरज घायवान यांना, पडला तो मोबाईल हातात असलेल्या आपल्या हजारो तरुणांना. निषेध सुरू झाला आणि काही दिवसांतच कंपनीने जाहिरात मागे घेतली. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगानेही नोटीस काढली.

तिसरे उदाहरण मार्च २०२४ चे. १९ मार्चला गोयल यांनी जाहीर केले की शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी आता वेगळा ताफा असेल. हे कर्मचारी फक्त शुद्ध शाकाहारी हॉटेलांतलेच जेवण आणतील, त्यांचा गणवेश हिरवा असेल, पेटी हिरवी असेल. रात्रभर टीकेचा भडिमार झाला. दुसऱ्याच दिवशी सकाळी खुलासा आला की हिरवा गणवेश रद्द, सगळे जण लाल गणवेशच घालतील. कारण काय दिले? लाल गणवेशातल्या मुलांना मांसाहाराशी जोडून काही सोसायट्या सणवारी त्यांना अडवतील, त्यांच्या जिवाला धोका होईल. शिवाय काही भाडेकरू ग्राहकांना घरमालकाचा त्रास होईल. रात्री चर्चा करणाऱ्या लोकांचे आभारही मानले.

पाच वर्षे, एक कंपनी, एकच साधन, आणि तीन वेगवेगळ्या गोष्टी. या तीन घटनांतून काय दिसते?

पहिली गोष्ट म्हणजे वेग. 'मूकनायक'च्या काळी जाहिरात नाकारली तर त्याविरुद्ध बोलायलाही जागा नव्हती. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडली, तेव्हा मोठ्या वर्तमानपत्रांना जाग यायला आठवडे लागले. त्या काळात चळवळीतल्या लोकांनी छायाचित्रे हातोहात फिरवली, ई-मेल पाठवले, गावोगाव पत्रके वाटली. तेव्हा ई-मेलही मोजक्यांकडे होता. आज वस्तीतल्या पोराच्या हातातला फोन एका रात्रीत कंपनीला निर्णय फिरवायला लावतो. ही ताकद आहे, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माफीची भाषा. २०२३ च्या खुलाशात कंपनीने काय म्हटले? हेतू पर्यावरणाबद्दल जागृती करण्याचा होता, नकळत काही समाजांच्या आणि व्यक्तींच्या भावना दुखावल्या असतील. वाचकहो, या वाक्याकडे नीट पाहा. 'आम्ही अपमान केला' असे त्यात नाही. 'तुमच्या भावना दुखावल्या असतील' असे आहे. म्हणजे दोष करणाऱ्याच्या कृतीत नसून सहन करणाऱ्याच्या मनात आहे! प्रश्न माणसाच्या प्रतिष्ठेचा होता, तो भावनेचा करून टाकला. संविधानाने सतराव्या अनुच्छेदात अस्पृश्यता नष्ट केली ती कोणाच्या भावना जपण्यासाठी नव्हे. हे वाक्य आता इतक्या कंपन्यांनी वापरले आहे की त्याचा छापील नमुनाच झाला आहे. नाव बदला, तारीख बदला, माफी तयार.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०२४ च्या खुलाशात जात हा शब्दच आला नाही. सोसायटी आली, घरमालक आला, सुरक्षितता आली. पण सोसायटी कोणाला अडवते, घरमालक कोणाला खोली नाकारतो, मटण-मासळी खाणाऱ्याला कोणत्या नजरेने पाहिले जाते, याचे मूळ जिथे आहे तिथे बोट ठेवले नाही. या देशातले बहुसंख्य लोक मांसाहार करतात हे सरकारच्याच कुटुंब आरोग्य पाहणीतून दिसते. तरीही 'शुद्ध' हा शब्द अल्पसंख्यांच्या ताटाला लावला जातो आणि बहुसंख्यांच्या ताटाला विटाळ चिकटवला जातो. हिरवा गणवेश गेला, पण शाकाहारी ऑर्डरींसाठी वेगळा ताफा ठेवण्याची सोय कंपनीने त्याच खुलाशात कायम ठेवली. रस्त्यावर दिसणारी वेगळी पंगत उठली, अ‍ॅपमधली तशीच राहिली. आपण मात्र ट्रेंड जिंकला म्हणून झोपी गेलो.

पाठीवर पेटी घेऊन जिने चढणाऱ्या मुलांत आपल्या वस्त्यांतली मुले आहेत. अनेक सोसायट्यांत त्यांना रहिवाशांची लिफ्ट वापरू देत नाहीत. 'मालवाहू लिफ्ट वापरा' अशी पाटी असते. त्या मुलाच्या अंगावर कोणता रंग चढवायचा, हा कंपनीच्या दृष्टीने विपणनाचा प्रश्न होता. त्या मुलाच्या दृष्टीने तो इज्जतीचा आणि पोटाचा प्रश्न होता. निर्णय घेताना त्याला कोणी विचारले होते काय?

इथे बाबासाहेबांची १९१९ सालची साउथबरो कमिटीपुढची साक्ष आठवते. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. मताधिकाराचा विचार करणाऱ्या त्या समितीपुढे त्यांनी मांडलेला मुद्दा असा की केवळ मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, माणसांचेही प्रतिनिधित्व झाले पाहिजे. अस्पृश्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी चांगले बोलले म्हणून भागत नाही. निर्णय होतो त्या ठिकाणी अस्पृश्य माणूस स्वतः हजर पाहिजे. शंभर वर्षांहून जुना हा मुद्दा आजच्या जनसंपर्काला तंतोतंत लागू होतो. नव्या साधनांनी आपल्या मताला कंपनीच्या दारापर्यंत नेले. घंटा वाजवली की आता दार उघडते, आतून माफीची चिठ्ठीही मिळते. पण ज्या खोलीत जाहिरात लिहिली जाते, गणवेशाचा रंग ठरतो, अ‍ॅपची रचना होते, त्या खोलीत आपला माणूस नाही. तो असता तर 'कचरा'ची जाहिरात कागदावरच फाडली गेली असती. माफीची वेळच आली नसती.

खोलीत कोण आहे, याचा थोडा पुरावा पाहू. १९९६ साली बी. एन. उनियाल या पत्रकाराने 'पायोनियर'मध्ये लिहिले की दिल्लीत इतकी वर्षे पत्रकारिता करून आपल्याला एकही दलित पत्रकार भेटलेला नाही. त्यानंतर तेवीस वर्षांनी, २०१९ मध्ये, ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी वर्तमानपत्रे, वाहिन्या, मासिके आणि संकेतस्थळे यांतल्या नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या. त्यांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. जी माध्यमे दररोज लोकांच्या डोळ्यांसमोर असतात त्यांची ही स्थिती. मग पडद्याआड चालणाऱ्या जाहिरातसंस्था आणि जनसंपर्क कंपन्या यांच्याबद्दल काय बोलावे?

परदेशी कंपन्या याहून वेगळ्या आहेत असा भ्रमही नको. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आले. महिला पत्रकार आणि कार्यकर्त्यांशी भेट झाली. ब्राह्मणी पितृसत्ता मोडून काढा, अशा आशयाचे भेट मिळालेले पोस्टर हातात धरून त्यांनी छायाचित्र काढून घेतले. एवढ्यावरून गदारोळ उठला आणि कंपनीच्या वरिष्ठ अधिकारी विजया गाड्डे यांनी दिलगिरी व्यक्त केली. हे पोस्टर कंपनीचे मत नाही, असे सांगितले. म्हणजे माफीचे हे यंत्र फक्त आपल्या बाजूने फिरते असे नाही. ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने ते फिरते. जातीविरुद्धचे एक पोस्टर धरल्याबद्दलही ते माफी मागायला लावते.

एप्रिल २०२२ मध्ये गुगलच्या अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांपुढे जातीच्या प्रश्नावर थेन्मोळी सौंदरराजन यांचे भाषण ठरले होते. निमित्त दलित इतिहास मासाचे होते. कंपनीतल्याच काही कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांना ई-मेल पाठवून वक्त्या हिंदूद्वेष्ट्या असल्याचा आरोप केला. भाषण रद्द झाले. ते आयोजित करणाऱ्या अधिकारी तनुजा गुप्ता यांनी पुढे राजीनामा दिला. इथे साधन कोणते वापरले गेले? कंपनीचाच अंतर्गत ई-मेल. जगाला माहिती पुरवणाऱ्या कंपनीच्या आत जातीची माहिती देणारे एक भाषण होऊ शकले नाही. बाहेर आपण हजारोंनी ट्रेंड करत असलो, तरी आत बसलेल्या थोड्यांचे पत्र त्याहून वजनदार ठरते. खुर्चीची किंमत ती हीच.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ही साधने आपली नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरच्या निळ्या खुणेवरून आपल्या तरुणांनी मोठा आवाज उठवला. खात्यांना मान्यता देताना जातीय पक्षपात होतो, हा आरोप होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये एलॉन मस्क यांनी ती कंपनी विकत घेतली, जुलै २०२३ मध्ये तिचे नाव 'एक्स' केले, आणि ती निळी खूण पैसे भरेल त्याला मिळू लागली. पैसे भरणाऱ्याचे उत्तर वर दिसते, न भरणाऱ्याचे खाली जाते. 'केसरी'ने पैसे देऊनही जागा दिली नाही. आता पैसे देणाऱ्यालाच जागा मिळते. दोन्हीकडे गरिबाची जागा खालीच! मालक बदलला की नियम बदलतात, आणि वर्षानुवर्षे जमवलेले वाचक आणि उभी केलेली चळवळ एका रात्रीत दिसेनाशी होऊ शकते.

गरिबाचे नाव पुढे करून धंदा कसा रेटला जातो, याचा धडाही आपल्या समोर आहे. २०१५ च्या अखेरीस फेसबुकने 'फ्री बेसिक्स'साठी देशभर पानभर जाहिराती दिल्या. काही निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीच्या इंटरनेटला पैसे, अशी ती योजना. मार्क झुकरबर्ग यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला. फेसबुक उघडणाऱ्याला एक तयार पत्र दिसे, बटण दाबले की ते दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'ट्राय'कडे जाई. लाखो पत्रे गेली. 'ट्राय'ने मात्र या साचेबंद पत्रांत आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच नाहीत, असे सुनावले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी 'ट्राय'ने असे भेदभावाचे दर बंद केले आणि तीनच दिवसांत फेसबुकने भारतातून ती योजना गुंडाळली. धडा स्पष्ट आहे. बटण दाबून पाठवलेली लाखो पत्रे हरली, मुद्देसूद लिहिलेले म्हणणे टिकले. आपणही हॅशटॅगच्या आकड्यावर जाऊ नये. कलम, तारीख आणि पुरावा यांच्यावर जावे.

या सगळ्यात आपल्या वर्तमानपत्रांचे काय होत आहे, तेही सांगितले पाहिजे. जाहिरातीचा पैसा छापील पानांवरून गुगल आणि फेसबुककडे वळला. मोठी वृत्तपत्रे रडत-पडत का होईना तग धरतात, छोट्या आंबेडकरी दैनिकाची वीज तोडण्याची वेळ येते. जयंतीला जो कार्यकर्ता पूर्वी पाचशे रुपयांची शुभेच्छा आमच्या पानावर छापायला देत असे, तो आता स्वतःच मोबाईलवर चित्र बनवून शंभर ग्रुपवर टाकतो. त्याचा दोष नाही, त्याचे पैसे वाचतात. पण ते चित्र दुसऱ्या दिवशी नाहीसे होते. 'बहिष्कृत भारत'चे अंक शंभर वर्षांनीही आपल्यापुढे आहेत म्हणून आपण आज त्यावर बोलू शकतो. ज्या समाजाची स्वतःची नोंद दुसऱ्याच्या संगणकात आहे, त्या समाजाचा इतिहास त्या संगणकाच्या मालकाच्या मर्जीवर राहतो.

मग करायचे काय? नुसती टीका करून भागणार नाही. आमच्या मते चार कामे तातडीची आहेत.

पहिले काम नोंदीचे. जातीचा अपमान करणारी जाहिरात दिसली की शिवी देण्याआधी तिचे चित्र तारखेसह जतन करा. जाहिरात मानक परिषद, जिला 'आस्की' म्हणतात, ती १९८५ पासून मुंबईत आहे. जाहिरातीने कोणत्याही जातीची टवाळी करू नये हे तिच्या संहितेत लिहिलेले आहे. तक्रार ऑनलाइन करता येते. संविधानाच्या ३३८ व्या अनुच्छेदाखाली अनुसूचित जाती आयोग आहे. तिथेही लेखी तक्रार करा. हजार ट्विटपेक्षा नोंद क्रमांक असलेली एक तक्रार कंपनीच्या वकिलाला जास्त जागे ठेवते.

दुसरे काम शिक्षणाचे. आपली हुशार मुले स्पर्धा परीक्षांत वर्षे घालवतात. ती जरूर घालवावीत, प्रशासनात आपले लोक हवेतच. पण जागा कमी होत आहेत आणि निर्णयाचे केंद्र खासगी कंपन्यांकडे सरकत आहे. जाहिरात, जनसंपर्क, आरेखन, संगणक आज्ञावली, माहितीचे विश्लेषण या क्षेत्रांत आपली मुले गेली पाहिजेत. वस्तीतल्या बुद्धविहारात अभ्यासिका चालते, तिथे या विषयांचे वर्गही चालवता येतील. नोकरीत असलेल्या आपल्या तरुणांनी रविवारचे दोन तास दिले तरी पुष्कळ होईल.

तिसरे काम मागणीचे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. २००६ मध्ये सीआयआय आणि असोचेम या उद्योगसंघटनांनी स्वेच्छेने सकारात्मक कृती करू म्हणून आचारसंहिता पुढे केली आणि कायदा टाळला. ठीक आहे, मग हिशेब द्या. 'सेबी'ने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात कर्मचाऱ्यांत स्त्रिया किती, अपंग किती हे सांगावे लागते. अनुसूचित जाती-जमातींचे किती, हे सांगावे लागत नाही. हा एक रकाना त्या अहवालात वाढवा, ही मागणी आपल्या खासदारांनी संसदेत आणि आपल्या संघटनांनी रस्त्यावर लावून धरली पाहिजे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. आकडा बाहेर आला की बाकीची लढाई सोपी होते.

चौथे काम स्वतःच्या माध्यमांचे. मोबाईल जरूर वापरा, पण घरी एक आंबेडकरी दैनिक घ्या. आपल्या छोट्या व्यावसायिकांनी, डॉक्टरांनी, वकिलांनी, ठेकेदारांनी वर्षातून चार जाहिराती तरी या पानांना द्याव्यात. आमच्यासारख्यांनीही आपले जुने अंक संगणकावर चढवून सर्वांना खुले केले पाहिजेत, ही आमची जबाबदारी आम्ही नाकारत नाही. उद्याची यंत्रे मराठी शिकतील ती उपलब्ध मजकुरावरून. त्या मजकुरात आपले लेखन नसेल तर यंत्रही आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलेच बोलेल.

आणि एक छोटे काम तर कोणालाही, आजपासून करता येईल. येत्या १४ एप्रिलला कंपन्यांच्या निळ्या शुभेच्छा येतील, तेव्हा हात जोडलेले चिन्ह पाठवून थांबू नका. त्याच शुभेच्छेखाली, सर्वांना दिसेल असे, सभ्य भाषेत एक प्रश्न लिहा. आपल्या कंपनीत जाहिरात आणि जनसंपर्काचे निर्णय घेणाऱ्यांत अनुसूचित जाती-जमातींचे किती जण आहेत? उत्तर आले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. त्यांच्या संगणकावर नाराजीची रेघ मोजली जातेच. ती रेघ आपल्या प्रश्नाने चढू द्या. माफीची आपल्याला सवय झाली आहे, आता हिशेब मागण्याची सवय लावून घेऊ.

जय भीम.